पैशाची पुडी आणि दहाची पट्टी

वऱ्हाडच्या इतिहासात लढायांना तोटा नाही. अडगावची लढाई, त्यानंतर अवघ्या पंधरवड्यात पडलेला गाविलगड, हे सारे १८०३ चे प्रकरण मी शाळेत वर्षानुवर्षे शिकवीत आलो आहे, आणि मुलेही ते आवडीने ऐकतात. तोफा असल्या म्हणजे मुले जागी राहतात. परंतु ह्याच प्रदेशात आणखी एक झटापट गेली शंभर-सव्वाशे वर्षे चालू आहे, तिच्यात तोफ नाही, घोडा नाही, आणि म्हणून ती कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही. एका बाजूला औषधे विकणारा, दुसऱ्या बाजूला सरकार, मध्ये टेबल. टेबलावरचे प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या तेच : औषध कोणी विकावे, त्यावर नफा किती घ्यावा, आणि एका पुडीत किती बांधावे. ज्याला ती पुडी घ्यायची आहे तो मात्र ह्या टेबलाशी कधी बसलेला दिसत नाही. तो बाहेर ओट्यावर ताप घेऊन बसलेला असतो.

आरंभ पुडीपासूनच करावा हे बरे. १८९२ साली बंगाल सरकारने एक अगदी साधी पण फार दूरदृष्टीची गोष्ट केली. हिवतापाने माणसे पटापट मरत होती. क्विनाइन हे औषध होते, पण ते बाटलीत, शहरात आणि साहेबाच्या खिशाला परवडेल अशा भावात. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख डॉ. जॉर्ज किंग ह्यांच्याकडे दार्जिलिंगकडच्या मंगपूच्या सरकारी सिंकोना मळ्यांची व्यवस्था होती. त्यांच्या योजनेनुसार क्विनाइनची पाच-पाच ग्रेनची पुडी बांधण्यात आली आणि ती टपालकचेरीत एका पैशाला विकायला ठेवली. त्या काळचा पैसा म्हणजे रुपयाचा चौसष्टावा भाग. पुड्या बांधण्याचे काम तुरुंगातल्या कैद्यांकडून करून घेतले जाई. पत्र टाकायला आलेला माणूस तिकिटाबरोबर औषध घेऊन जाऊ लागला. पुढे पुडी सात ग्रेनची झाली आणि ही रीत इतर प्रांतांतही पसरली. वऱ्हाड तेव्हा नावाने निजामाचे आणि कारभाराने इंग्रजांचे. १९०३ साली ते मध्यप्रांताला जोडले गेले. इकडेही पोस्टात क्विनाइनच्या पुड्या मिळू लागल्या.

ह्या पुडीचा मला मोठा अचंबा वाटतो. औषधाचे माप ठरविताना कोणीतरी प्रथम गिऱ्हाइकाच्या मुठीत काय आहे ते पाहिले. मागाहून डॉक्टरांनी तक्रार केली की, पाच ग्रेनने हिवताप जात नाही. रोज चार-सहा पुड्या, त्याही कित्येक दिवस, पोटात जायला हव्यात. तक्रार रास्त होती. गरिबाने एक पुडी घेतली, ताप थोडा उतरला, तो शेतावर गेला आणि चौथ्या दिवशी पुन्हा अंथरुणावर पडला, असे होई. लहान पुडीचा फायदा आणि लहान पुडीचा धोका, दोन्ही त्या पहिल्याच पुडीत बांधलेले होते. आज आपण ज्यावर भांडतो ते ह्याहून निराळे नाही.

सरकारी पुडीवर लोकांचा विश्वास बसला ह्याचे आणखी एक कारण होते. बाजारातल्या औषधावर तो बसण्याजोगी स्थिती नव्हती. आयात होणाऱ्या औषधांच्या दर्जावर कायद्याचा काहीच अंकुश नव्हता. १९२७ साली पुण्याचे सर हारून जाफर ह्यांनी दिल्लीच्या कौन्सिल ऑफ स्टेटमध्ये हा विषय काढला, आणि १९३० साली कर्नल रामनाथ चोप्रा ह्यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमण्यात आली. समिती देशभर हिंडली. तिने दुसऱ्या वर्षी अहवाल दिला : औषधांत भेसळ आहे, क्विनाइनसारखे नित्याचे औषधही कमअस्सल मिळते, आणि ते बनवून देणाऱ्याला धड शिक्षण नाही. अहवाल १९३१ चा, कायदा १९४० चा, नियम १९४५ चे आणि औषध बनवून देणाऱ्यांच्या नोंदणीचा कायदा १९४८ चा. सरकारी गाडीचा वेग वाचकांना परिचित आहेच.

ह्या मधल्या काळातला खरा राजा म्हणजे कंपाउंडर. दवाखान्यातल्या लाकडी जाळीआड त्याचे राज्य. तुम्ही घरून बाटली न्यायची. तो मोठ्या बरण्यांतून लाल, पिवळे, दुधी पाणी ओतून ती भरायचा आणि बाहेरून कातरलेली कागदाची पट्टी डकवायचा. एक खाच म्हणजे एक डोस. अक्षरशून्य म्हातारीलाही ती खाच वाचता येत असे. गोळ्या खलात कुटून पुड्या बांधायचा त्या वर्तमानपत्राच्या चौकोनी तुकड्यांत. १९८० च्या सुमारास जन्मलेल्या माझ्यासारख्यांनी ह्या कलेची मावळती पाहिली आहे. पुडीत काय आहे हे कोणालाच ठाऊक नसे, हा तिचा मोठा दोष. पण पुडी तीन दिवसांची असे आणि पैसे तीन दिवसांचेच पडत. १९४८ च्या कायद्याने नव्यांना शिक्षणाची अट घातली आणि जुन्या अनुभवी मंडळींना नोंदवहीत जागा दिली. सरकार आणि औषधवाले ह्यांच्यातली ही पहिली मोठी तडजोड म्हणता येईल. कोणाची रोजी बुडाली नाही आणि कायदाही झाला.

मग किमतीचा प्रश्न आला. तो युद्धाने आणला. १९४२ च्या मार्चमध्ये जावा बेट जपान्यांच्या हाती पडले आणि जगातल्या क्विनाइनचा बहुतेक पुरवठा तिथूनच होत असे. हिंदुस्थानात क्विनाइन सोन्याच्या भावाने, तेही चोरून, विकले जाऊ लागले. १९४३ साली औषधांच्या किमतीवर आणि विक्रीवर सरकारने नियंत्रण आणले. युद्ध संपले, इंग्रज गेले, पण नियंत्रणाची चव सरकारच्या जिभेवर राहिली. १९६२ साली चीनचे आक्रमण झाले तेव्हा दुकानात भावाचे फलक लावण्याचा हुकूम निघाला, १९६३ साली भाव गोठविण्यात आले, आणि १९७० साली औषध किंमत नियंत्रण आदेश आला. तेव्हापासून १९७९, १९८७, १९९५ आणि २०१३ अशी ह्या आदेशाची नवी नवी पिढी जन्मत आली आहे.

१९९५ पर्यंतच्या आदेशांत एक सूत्र असे. मी मॅट्रिक झालेला मास्तर, बीजगणित माझे बेताचेच. तरी ते मला कळले, कारण ते किराणा दुकानाच्या हिशेबासारखे आहे. मालाची किंमत, तो बनविण्याचा खर्च, वेष्टनाच्या सामानाची किंमत आणि वेष्टन करण्याची मजुरी, ह्या चौघांची बेरीज करायची आणि तिच्यावर ठरलेला टक्का चढवायचा. वेष्टन हे चौघांपैकी दोन घरे अडवून बसले आहे हे पाहून मी थोडा थबकलो. औषधाइतकाच त्याच्या अंगरख्याचाही खर्च सरकारदरबारी मान्य, आणि टक्का चढणार तो अंगरख्यासकट! २०१३ साली हे सूत्र गेले आणि बाजारातल्या किमतींची सरासरी काढून कमाल भाव ठरविण्याची रीत आली.

आता पट्टीकडे वळू. कागदाच्या पुडीची जागा कचकडी आणि चांदीच्या वर्खासारख्या पत्र्याने घेतली. गोळी ओल धरीत नाही, तिचे नाव, गट क्रमांक, मुदत छापता येते. सुधारणा खरीच. पण पट्टी दहाचीच का? मी पुष्कळ दिवस समजत होतो की, तसा कायदाच असेल. मग औषध नियमांचे पी-१ हे परिशिष्ट पाहिले. त्यात लिहिले आहे की, दहापेक्षा कमी गोळ्या असतील तर पूर्णांकात कितीही घाला, आणि दहाच्या वर गेलात तर पाचाच्या पटीत जा. पातळ औषधासाठी ६०, १०० आणि २०० मिलिलिटर अशी मापे, मुलांच्या औषधाला ३० चे. म्हणजे दोन गोळ्यांची पट्टी करायला कोणाची आडकाठी नाही! ती होत नाही ह्याचे कारण कायद्यात नसून कारखान्यात आहे. यंत्राचा साचा, पत्र्याचा खर्च, खोक्यात मावणारी संख्या, हे सारे मोठ्या पट्टीच्या बाजूने. अलीकडे रक्तदाब-मधुमेहाच्या गोळ्या पंधराच्या पट्टीत येऊ लागल्या आहेत. पेन्शनरांना ते सोयीचे, रोजमजुराला नव्हे.

कापूस वेचणीच्या दिवसांत आमच्याकडे कोणत्याही खेड्यातल्या मेडिकलसमोर संध्याकाळी उभे राहावे. संवाद ठरलेला असतो.

"भाऊ, दोनच गोया द्या ना."

"मावशी, पुरं पत्तं घ्या लागते."

"आता पुरं पत्तं कायले? बुढ्याले आज रातीपुरत्या पाह्यजेत. उद्या हप्ता भेटते, मंग नेतो."

दुकानदार कुरकुरतो, कात्री काढतो, देतो. कधी देत नाही. शहरात तर हल्ली सर्रास देत नाहीत. कायदा काय म्हणतो? किंमत नियंत्रण आदेशात साफ आहे : जवळ असलेले औषध विकायला विक्रेत्याने विनाकारण नाकारू नये, आणि सुटे विकले तर त्याची किंमत पट्टीच्या प्रमाणाबाहेर घेऊ नये. तेव्हा नकार देणारा चुकतो हे उघडच आहे. पण त्याचाही हिशेब मांडून पाहावा. दुकानदाराला सरासरी एक रुपयाला पडणारी गोळी धरा. तिच्यावर सोळा टक्के, म्हणजे विक्री एक रुपया सोळा पैशांना. कर सोडून देऊ. दोन गोळ्या विकून त्याला बत्तीस पैसे सुटले. उरलेल्या आठ गोळ्यांत त्याचे आठ रुपये अडकले. पट्टी कापली की मुदत आणि गट क्रमांक बहुधा एकाच टोकाला राहतो, आणि कापलेली पट्टी कंपनी परत घेत नाही. त्या आठ गोळ्या खणातच मेल्या, तर ते आठ रुपये भरून काढायला आणखी पंचवीस मावश्यांना दोन-दोन गोळ्या विकाव्या लागतील. हे गणित मी सातवीच्या वर्गाला घातले होते. एका मुलाचे वडील मेडिकल चालवतात. त्याने वही न उघडताच उत्तर दिले.

ह्या सोळा टक्क्यांवरूनच औषधविक्रेते आणि सरकार ह्यांचे वाजत आले. अखिल भारतीय संघटना १९७५ साली उभी राहिली, आणि ज्या वर्षी ती निघाली त्याच वर्षी जयसुखलाल हाथी समितीने अहवाल देऊन ११७ आवश्यक औषधांची यादी मांडली. नियंत्रणाखालच्या औषधांवर किरकोळ विक्रेत्याला सोळा टक्के व घाऊक विक्रेत्याला आठ. बाहेरच्यांवर रूढीने वीस आणि दहा. सरकारने २०१२ च्या डिसेंबरात नवे धोरण जाहीर केले आणि ३४८ औषधे नियंत्रणात आणायचे ठरविले, तेव्हा संघटनेचे म्हणणे पडले की, नियंत्रित औषधे इतकी वाढणार असतील तर सोळा-आठावर आमचे भागणार नाही. १० मे २०१३ रोजी देशभर दुकाने बंद राहिली. पाच दिवसांनी, १५ मे रोजी, आदेश निघाला. त्यात सोळाच होते.

संघटनेकडे कनवाळू नजरेने पाहणाऱ्यांनी त्याच वर्षाची दुसरी बाजूही पाहावी. नवा घाऊक विक्रेता नेमायचा तर संघटनेचे ना-हरकत पत्र, नवे औषध बाजारात आणायचे तर संघटनेची संमती आणि त्याचे शुल्क, अशी वहिवाट पडली होती. भारतीय स्पर्धा आयोगाने २०१२ साली गोव्याच्या औषधविक्रेता संघटनेविरुद्ध आणि २०१३ च्या फेब्रुवारीत अखिल भारतीय संघटनेविरुद्ध निर्णय देऊन ही वहिवाट बेकायदा ठरविली. औषध गावात येते की नाही हे संघटनेच्या कचेरीत ठरू लागले, तर सरकारला दूषणे देण्याचा अधिकार त्या कचेरीकडे उरत नाही. माझे हे मत आमच्या काही मित्रांना रुचणार नाही. त्यांतले दोघे औषधविक्रेते आहेत.

महाराष्ट्रात तेव्हा निराळीच लढाई पेटलेली होती. अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त महेश झगडे ह्यांनी २०११ नंतर दुकाने तपासायला आरंभ केला. त्यांचा मुद्दा अगदी जुना, चोप्रा समितीच्या काळचा : डॉक्टरच्या चिठ्ठीचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टच्या देखरेखीखालीच दिले गेले पाहिजे, आणि बिल मिळालेच पाहिजे. दुकानात भिंतीवर चौकटीत प्रमाणपत्र टांगलेले आणि प्रमाणपत्राचा धनी दुसऱ्याच गावी, हा प्रकार कोणाला ठाऊक नव्हता? परवाने निलंबित होऊ लागले. जगन्नाथ शिंदे ह्यांच्या नेतृत्वाखालच्या राज्य संघटनेने पवित्रा घेतला की, एक फार्मासिस्ट आठ तासच काम करणार, तर मग दुकानही आठच तास उघडे राहील. २०१३ च्या डिसेंबरात तीन दिवसांचा बंद पुकारण्यात आला. बैठका झाल्या, निवेदने झाली, इशारे झाले. खात्याचे मंत्री होते पुसदचे मनोहर नाईक. पुढे हेच खाते सिंदखेड राजाचे डॉ. राजेंद्र शिंगणे आणि दिग्रसचे संजय राठोड ह्यांच्याकडेही आले. दहा-बारा वर्षांत औषधाच्या खात्याला तीन मंत्री जुन्या वऱ्हाडाने दिले, आणि आमच्या प्रदेशाला ह्याची फारशी जाणीवही नाही.

त्या वादात माझे मत झगड्यांच्या बाजूने होते आणि आजही आहे. परंतु मेळघाटात धारणीपलीकडे फार्मासिस्ट तर सोडाच, दुकानही कोसकोस नाही. बैरागडला डॉ. रवींद्र कोल्हे व डॉ. स्मिता कोल्हे ह्यांनी ज्या दिवसांत काम आरंभले त्या दिवसांत तिथे पायी चालत जावे लागे. नियम अमरावतीच्या राजकमल चौकात जितका शोभतो तितका तिथे शोभत नाही. नियम कडक झाला की, आधी लांबचे दुकान बंद पडते. बीड जिल्ह्यातली स्त्रीभ्रूणहत्येची प्रकरणे २०१२ साली उजेडात आल्यावर गर्भपाताच्या गोळ्यांच्या संचावर प्रशासनाची करडी नजर वळली. गुन्हेगारांना धाक बसायला हवाच होता. झाले असे की, पुष्कळ विक्रेत्यांनी तो संच ठेवणेच सोडून दिले. पाच गोळ्यांचे ते एक पाकीट, एक मिफेप्रिस्टोन आणि चार मिसोप्रोस्टॉल, कायद्याने मान्य आणि डॉक्टरच्या चिठ्ठीने मिळावयाचे. पण चिठ्ठी घेऊन आलेल्या बाईलाही "नाही" असे उत्तर मिळू लागले. तिच्या वतीने बंद पुकारायला संघटना नव्हती.

सरकार स्वतः औषध पुरविते तेव्हा काय होते, ते आम्हां मास्तरांना चांगले ठाऊक आहे. २०१२-१३ पासून किशोरवयीन मुलामुलींना आठवड्याला एक लोहाची निळी गोळी शाळेत द्यावयाची, आणि २०१५ पासून १० फेब्रुवारीला जंताची चघळायची गोळी. ती मोजून देणे, समोर गिळवून घेणे, नोंदवहीत खूण करणे, हे काम आमचे. पट्टीवर विक्रीसाठी नाही असा शिक्का असतो. योजना उत्तम; मुलींच्या चेहऱ्यावर रक्त दिसू लागते हे मी सांगू शकतो. पण मधेच दोन-दोन महिने गोळ्या येत नाहीत, आणि येतात तेव्हा मुदत संपायला थोडेच दिवस असतात. वरच्या कचेरीला विचारले की ती तिच्या वरच्या कचेरीकडे बोट दाखवते. राज्याची औषधखरेदी २०१७ साली हाफकिन महामंडळाकडे सोपविली गेली, आणि ओरड झाल्यावर २०२३ साली वेगळे प्राधिकरण कायद्याने स्थापन करण्यात आले. कचेरी बदलली.

ह्या साऱ्या इतिहासाची कसोटी २०२१ साली लागली. करोनाची दुसरी लाट महाराष्ट्राने प्रथम पाहिली ती अमरावतीत. २२ फेब्रुवारीपासून अमरावती आणि अचलपूर बंद झाले. अकोलाही त्याच वाटेने गेले. एप्रिलमध्ये रेमडेसिव्हिरसाठी माणसे वणवण फिरू लागली. मंत्री शिंगणे ह्यांनी उत्पादक व विक्रेते ह्यांच्याशी बोलून ती कुपी ११०० ते १४०० रुपयांत मिळावी असे ठरविले. भाव कागदावर उतरला आणि कुपी बाजारातून नाहीशी झाली. मग वाटप जिल्हाधिकाऱ्यांकडे आले आणि दुकानदार साखळीतून बाहेर पडला. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला आपणहून लक्ष घालून नागपूरसाठी दहा हजार कुप्या देण्याचा हुकूम करावा लागला. वास्तविक ह्या औषधाने प्राण वाचतात असा पुरावा नव्हता. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या नोव्हेंबरातच ते वापरू नये असा सल्ला दिला होता. पण नातेवाइकाच्या हातात चिठ्ठी असते, पुरावा नसतो. माझ्या एका सहकाऱ्याने धाकट्या भावासाठी अकोल्याहून अमरावतीला आणि तिथून नागपूरला रात्रीत मोटरसायकलने प्रवास केला. कुपी मिळाली. भाऊ राहिला नाही.

पुडीचा प्रश्न मात्र पुन्हा उभा राहिला तो २०२३ साली. संपूर्ण पट्टी घेण्याची सक्ती होते अशा तक्रारी वाढल्यावर केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने त्या वर्षीच्या मे महिन्यात औषध उद्योगाच्या प्रतिनिधींना बोलावले. सुचविले ते असे : पट्टीला टपाल तिकिटांसारखी छिद्रे असावीत, म्हणजे एकेक गोळी फाडून देता येईल, आणि प्रत्येक तुकड्यावर नाव आणि मुदत छापलेली असावी. टपाल तिकिटासारखी! सव्वाशे वर्षांनी औषध पुन्हा पोस्टाकडे पाहू लागले. उत्पादकांनी खर्चाचा मुद्दा काढला असणार हे सांगायला ज्योतिषी नको. सुटी गोळी सोपी झाली तर प्रतिजैविकांचे दोन-दोन दाणे घेऊन अर्धवट उपचार करणारे वाढतील, ही डॉक्टरांची भीती मला त्याहून खरी वाटते. १ मार्च २०१४ पासून प्रतिजैविके धरून ४६ औषधांसाठी दुकानात निराळी नोंदवही ठेवण्याचा नियम झाला तो ह्याच भीतीपोटी. पण तापाच्या, डोकेदुखीच्या, आम्लपित्ताच्या गोळीला ती भीती कशाला?

त्याच वर्षी, १ ऑगस्ट २०२३ पासून, ३०० नामांकित औषधांच्या वेष्टनावर क्यूआर कोडची काळी चौकट छापणे सक्तीचे झाले. तिच्यावर मोबाइल धरला की, औषध खरे की खोटे, कोणी आणि केव्हा केले ते कळते. चौकट पट्टीवर, आणि पट्टीवर जागा नसेल तर खोक्यावर. खोके दुकानातच राहते. पट्टीवर असली तरी कात्री फिरल्यावर ती दोन गोळ्यांबरोबर जाईल की आठ गोळ्यांबरोबर खणात पडेल, हे कात्री धरणाऱ्यावर आहे. मावशीला मिळते ते खाकी पाकीट. त्यावर दुकानदार पेनाने एक उभी रेघ सकाळची आणि एक संध्याकाळची ओढून देतो, आणि ती गोळीचा रंग पाहून घरी सांगते की, बुढ्याची कोणती आणि आपली कोणती.